गोफणचं कोपर

मी आमच्या संघाचा विकेटकीपर. एकवीस वर्षं झाली, दर रविवारी सकाळी त्याच मैदानावर स्टंपांमागे उठाबशा काढतो. उरलेले सहा दिवस चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवतो. हे आधी सांगायचं कारण एवढंच, की ज्याची ही गोष्ट आहे त्याचा उजवा हात माझ्याइतका कुणीच ओळखत नाही. सीमारेषेवरून त्यानं फेकलेला जवळजवळ प्रत्येक चेंडू माझ्याच हातमोज्यांत येऊन पडलाय, आणि त्यातल्या निम्म्यांनी माझे तळवे लाल केलेत.

त्याला आम्ही गोफण म्हणतो. नाव पहिल्याच वर्षी पडलं. समोरच्या संघाचा एक फलंदाज दुसरी धाव काढायला रमतगमत निघाला होता. चेंडू पार कुंपणाशी होता, त्यामुळे घाई करण्यासारखं काही नव्हतंच. आमच्या ह्या गड्यानं पळता पळता चेंडू उचलला, कमरेतून वळला आणि सोडला. जमिनीला न टेकता चेंडू थेट माझ्या छातीशी. फलंदाज अजून अर्ध्या वाटेत. बाद होऊन परत जाताना तो म्हणाला, "ह्याला हात आहे की गोफण?" झालं. त्या दिवसापासून त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

धंद्यानं तो गिलाव्याचा कारागीर. घमेल्यातला कालवलेला माल थापीवर घ्यायचा आणि मनगटाला झटका देऊन भिंतीवर मारायचा, मग लांब पट्टी फिरवून तो सारखा करायचा, हे त्याचं दिवसभराचं काम. त्याची भिंत बघायला मुकादम इतर कारागिरांना बोलवायचा. "आठवडाभर माल फेकायचा, रविवारी चेंडू फेकायचा. जन्मच फेकण्यात चाललाय माझा," असं तो म्हणायचा, पण हसत. तेव्हा तो हसायचा.

साधारण तीन वर्षांपूर्वी एका रविवारी त्याचा थ्रो माझ्याकडे एक टप्पा पडून आला. मला वाटलं, वारा उलटा असेल. पुढच्या रविवारी दोन टप्पे. त्याच्या पुढच्या रविवारी चेंडू उचलून त्यानं जवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या क्षेत्ररक्षकाकडे टाकला आणि त्यानं तो माझ्याकडे फेकला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पाणी प्यायला थांबलो तेव्हा मी विचारलं, "हात दुखतोय का?"

"कुणाचा?"

"माझा नाही. तुझा."

"मग दुखणारच. माणसाचा हात आहे, खुर्चीचा थोडाच आहे?"

विषय तिथंच मिटला. निदान त्यानं तो मिटवला. पण त्या दिवशी पाण्याचा पेला त्यानं डाव्या हातात धरला होता, हे मी बघितलं होतं.

दुखणं कुठं होतं ते त्यानं मला फार उशिरा दाखवलं. कोपराच्या आतल्या बाजूला, टेबलाच्या कडेवर आपटलं की ज्या हाडातून झिणझिण्या जातात ना, त्या हाडाशी. फेकताना हात मागे गेला की तिथं कळ उठायची आणि सुटताना ती करंगळीपर्यंत धावायची. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मग दुपारपर्यंत बधिर. सोमवारी सकाळी हात सरळच व्हायचा नाही. दाढी डाव्या हातानं. शर्टाच्या वरच्या बटणाशी मारामारी. थापी धरली की पहिला तास नुसता दातांवर दात दाबण्यात जायचा, मग हात तापला की दुखणं जरा मागे सरकायचं आणि संध्याकाळी पुन्हा हजर. बुधवार-गुरुवारपर्यंत कमी होत आलं की रविवार यायचा.

घरी दोघंच. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. वहिनी, म्हणजे त्याची बायको, एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री करतात. हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टेबलावरची कापडं. आठ तास उभं राहून. दोघांनाही बोलायची फारशी सवय नाही. दिवसभर राबून आलेली दोन माणसं घरात बोलणार तरी काय?

पहिलं वर्ष त्यानं दुखणं घरात दाखवलंच नाही. मग एकदा सकाळी चहाचा कप त्याच्या हातातून सुटून फुटला. आठवड्यात दुसऱ्यांदा.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. निसटला."

"परवाही निसटला होता. हात दाखवा बघू."

त्यानं हात दाखवला नाही. म्हणाला, "काम वाढलंय गं. छताचा गिलावा चालू आहे. दिवसभर हात वर करून करून कोपर धरलंय."

छताचं काम चालू होतं, हे खरं होतं. पण कोपर छताच्या कितीतरी आधीपासून दुखत होतं. आदल्या वर्षी मैदानात त्याचा पाय मुरगळला होता, तेव्हा वहिनींनी स्पष्ट बजावलं होतं, की ह्यापुढे खेळून काही दुखवून घेतलंत तर मैदान बंद. त्या नुसतं बोलून सोडून देणाऱ्यांतल्या नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तोंडातून छत निघालं. एकदा निघालं ते निघालं.

आणि खोटं बोललेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो समोरच्यानं विश्वास ठेवला की. वहिनींनी ठेवला. बाजाराच्या पिशव्या त्या एकट्या आणायला लागल्या. ओले कपडे पिळणं, वरच्या फळीवरचे डबे काढणं, गाद्या उन्हात टाकणं, जी जी कामं तो करायचा ती एकेक करून त्यांनी आपल्याकडे घेतली. "राहू द्या, तुमचा हात," म्हणायच्या. तो राहू द्यायचा. आणि रविवारी सकाळी बूट घालून निघायचा. "जरा मोकळ्या हवेत जाऊन येतो. फेकत नाही मी आता, नुसता उभा असतो," हेही त्यानं एकदा सांगून टाकलं होतं. एका खोट्याला एकट्यानं करमत नाही.

औषधांचं म्हणाल, तर जेवढी तोंडं तेवढे उपाय. कुणी गरम तेल सांगितलं, कुणी मिठाची पुरचुंडी शेकायला सांगितली. कुणी तांब्याचं कडं घाल म्हणालं. ते घालून आठ दिवसांत मनगट हिरवं झालं, कोपर होतं तिथंच. आमच्या कप्तानाचा उपाय सगळ्यात सोपा: "रविवारी सकाळी दोन गोळ्या घे आणि ये." तो घ्यायचा आणि यायचा. दुपारपर्यंत गोळ्या पुरायच्या.

एका डॉक्टरांनी कोपरात सुई दिली. देताना निक्षून सांगितलं, सहा आठवडे हाताला आराम. चार दिवसांत दुखणं असं पळालं, की गडी हरखून गेला. रविवारी वेळेआधी मैदानावर हजर. सरावातच त्यानं मला तीस-चाळीस थ्रो फेकले, एकही टप्पा न पडता. "बघ! बघ!" प्रत्येक थ्रोला ओरडत होता. मीही ओरडत होतो. थांबवायला हवं होतं, पण माझेही तळवे किती दिवसांनी झणझणत होते. महिन्याभरात दुखणं परत आलं, आणि आधीपेक्षा मोठं होऊन आलं. कोपराला गूळ लावलेला. दिसतो, चाटता येत नाही.

मग तो सामना आला.

समोरचा संघ जुन्या ओळखीचा. त्यांना कळायला वेळ लागला नाही. गोफणकडे चेंडू गेला की पूर्वी लोक पहिल्या धावेलाही विचार करायचे. त्या दिवशी त्यांचा एक जण टोकावरून ओरडला, "त्याच्याकडे गेलाय, तीन घ्या! आरामात तीन घ्या!"

मैदानावरच्या प्रत्येकानं ते ऐकलं. गोफण चेंडू हातात घेऊन क्षणभर नुसता उभा राहिला. जवळ आमचा दुसरा क्षेत्ररक्षक हात पुढे करून उभा होता, त्याच्याकडे टाकला असता तर भागलं असतं. पण त्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाय मागे घेतला, होता नव्हता तेवढा जोर लावला आणि फेकला. चेंडू वीसेक पावलांवर जाऊन पडला आणि गवतात घरंगळला. गोफण कोपर पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला. त्यांनी चौथी धाव काढली.

कप्तान तापट. तो ओरडला, "अरे, खाली ठेवून लाथ मारली असतीस तरी लवकर आला असता!"

दोघेतिघे हसले. मला वाटतं मीही हसलो. सवयीनं हसलो, पण हसलो.

सामना संपल्यावर तो कुंपणाला टेकून बसला होता. बुटाची नाडी एका हातानं सुटत नव्हती. मी खाली बसून ती सोडवली. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "कंटाळा आलाय रे." सामन्याचा की हाताचा, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोपराला सूज होती. बाहीत मावेना. वहिनींनी ती बघितली. तो कामावर गेल्यावर त्यांनी लाँड्रीतून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि सरळ बांधकामावर गेल्या. पुढे जे झालं ते मला दोन ठिकाणांहून कळलं: मुकादम माझ्याकडूनच चष्मा करून घेतो, आणि वहिनींनी स्वतः नंतर सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

मुकादम खाली वाळूच्या ढिगाशी उभा होता. वहिनी म्हणाल्या, "मुकादम, माणसाचा हात निकामी व्हायची वेळ आली, तरी तुम्ही त्याला छताखालीच उभं करता? दुसरं काम नाही तुमच्याकडे?"

"कुठलं छत, वहिनी?"

"छताचा गिलावा."

"छत संपून चार महिने झाले की! हात दुखतो म्हणाला म्हणून मी त्याला हलक्या कामावर घेतलंय. खिडक्यांच्या कडा, कोपरे, असलं बारीक काम. विचारा त्याला."

"मग हात एवढा सुजतो कशानं?"

मुकादम माणूस वाईट नाही, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणाला, "वहिनी, माझं घर मैदानाला लागूनच आहे. दर रविवारी गॅलरीतून बघतो. काल त्यानं चेंडू फेकला आणि खालीच बसला. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

वहिनी म्हणाल्या, "ठाऊक आहे हो. ठाऊक नसायला काय झालं? मला वाटलं, दोन्हीनं मिळून असेल." आणि वळल्या. परक्या माणसासमोर नवऱ्याचं पितळ उघडं पडलं, तरी त्यांनी ते आपल्या पदराखाली झाकून घेतलं. मुकादम मला म्हणाला, "खरं सांगतो, मला त्या बाईची भीती वाटली. ओरडली असती तर बरं झालं असतं."

गोफण दुसऱ्या मजल्यावर परांचीवर होता. बायको फाटकातून आत येताना त्याला दिसली, मुकादमाशी बोलताना दिसली आणि परत जाताना दिसली. तिनं वर बघितलं नाही. त्या दिवशी एकाच खिडकीची कड तो संध्याकाळपर्यंत घासत होता.

घरी गेल्यावर भांड्यांची आदळआपट नव्हती, काही नव्हतं. वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तो हातपाय धुऊन बसला. शेवटी त्यालाच राहवेना.

"मुकादम काय म्हणाला?"

"छत संपलं म्हणाला."

त्या घड्या घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "सात महिने. सात महिने पिशव्या मी एकटीनं उचलल्या."

"अगं, मी सांगणार होतो..."

"मी ओरडले असते म्हणून नाही सांगितलंत ना? ओरडलेच असते. एक दिवस ओरडले असते, दोन दिवस. त्यापेक्षा जास्त काय केलं असतं मी?"

वहिनींनी हातातला टॉवेल बाजूला ठेवला, उजव्या हाताची बाही वर सरकवली आणि हात त्याच्या पुढ्यात धरला. मनगटापासून कोपरापर्यंत एक पट्टी बांधलेली होती. फिकट रंगाची, धुऊन धुऊन सैल झालेली.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"दोन वर्षं झाली. दिवसाला शंभरावर चादरी असतात. इस्त्री उचलली की इथून इथपर्यंत कळ जाते."

"मला का नाही बोललीस?"

"आधी वाटलं, आपोआप जाईल. मग तुमचं निघालं. घरात एका वेळेला एक दुखणं पुरे, म्हटलं. तुमचं मोठं वाटलं. तुमचं कामाचं होतं, म्हणून माझं मागे ठेवलं." मग त्यांनी बाही खाली केली. "तुम्हाला रविवार तरी आहे हो. माझा रविवार कुठला, ते सांगा."

एवढंच. परत टॉवेल घेतला आणि घडी घातली.

हे सगळं त्यानं मला दुकानात येऊन सांगितलं. काम काही नव्हतं. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला, समोरच्या आरशात स्वतःला बघत राहिला. "तिची पट्टी मला दिसली नाही," तीनदा म्हणाला. "एका घरात राहतो, एका ताटलीतलं खातो. दिसली नाही." मी त्याला काय सांगणार? मीही एकवीस वर्षं रविवारी सकाळी घराबाहेर असतो. त्या दिवशी घरी गेल्यावर मी आधी बायकोच्या हातांकडे बघितलं. तिनं विचारलं, "काय झालं, अंगठी हरवली का कुणाची?"

त्यानंतर ती दोघं मिळून सरकारी दवाखान्यात गेली. तिथं एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत. वयानं लहान, पण बोलायला एकदम रोखठोक. त्यांनी कोपर दाबून बघितलं, बोटं हलवायला लावली, रिकाम्या हातानं फेकून दाखवा म्हणाल्या. त्यानं दाखवलं.

"किती वर्षं फेकताय?"

"एकवीस."

"एका रविवारी किती वेळा?"

"मोजले नाहीत कधी."

"फेकण्याआधी अंग गरम करता?"

"डोकं गरम असतं," वहिनी मधेच म्हणाल्या.

बाई हसल्या आणि समजावून सांगायला लागल्या. फेकायचं काम खरं कोपराचं नाहीच. ते पायांचं, कमरेचं, खांद्याचं. वय झालं, दिवसभर उभं राहून पाय थकले, खांदा आखडला, की त्या सगळ्यांचं ओझं बिचाऱ्या कोपरावर येतं. आतली दोरी आधी ताणते, मग विरते, आणि शेजारची नस चिडते म्हणून बोटं बधिर.

वहिनींनी विचारलं, "पण नक्की कशानं झालं? कामानं की खेळानं?"

"कोपराला काय कळतं, पगार कशाचा मिळतो ते? दोन्हीकडून ओझं एकाच जागी येतं. पण कामापेक्षा फेकण्याचा झटका फार मोठा. सुरुवात तिथूनच."

"पूर्ण बरं होईल?" हे त्यानं विचारलं.

"शब्द देत नाही. सांभाळलंत तर शेजाऱ्यासारखं राहील. नाही सांभाळलंत तर घरात घुसेल."

तीन महिने फेकणं पूर्ण बंद. घरी व्यायाम: हातोडी दांड्याच्या टोकाला धरून सावकाश डावीकडे, सावकाश उजवीकडे. रबरी पट्टा दाराला अडकवून ओढायचा. खांद्याचे, पायांचे, कमरेचे वेगळे. निघता निघता त्या बाईंचं लक्ष वहिनींच्या बाहीकडे गेलं. "आणि तुमचं काय? तुमचा कागद करू का?" वहिनी म्हणाल्या, "माझं नंतर बघू." तेव्हा गोफण पहिल्यांदा आवाज चढवून बोलला, "नंतर नाही. आत्ता."

ते तीन महिने मोठे वाईट गेले. लोकांना वाटतं, दुखणं म्हणजे कळा. कळा परवडल्या. हातोडी रोज दोनदा डावीकडे, उजवीकडे, आणि महिनाभर काडीचा फरक नाही, हे माणसाला आतून खातं. सुरुवातीला रविवारी तो मैदानावर यायचा, धावफलक लिहायला बसायचा. दोन रविवार बसला. तिसऱ्या रविवारी कुंपणाशी चेंडू आला तसा आपोआप उठला, डाव्या हातानं फेकायला गेला आणि चेंडू भलतीकडेच गेला. त्यानंतर यायचा बंद झाला. कामावरही डाव्या हाताला कामाला लावायचा प्रयत्न केला. म्हणायचा, "डावा हात म्हणजे घरजावई आहे माझा. घरात आहे म्हणून दिसतो, काम सांगितलं की तोंड पाडतो." पण घासायचं काम त्या हाताला हळूहळू जमायला लागलं. भिंत पूर्वीसारखी होत नव्हती. मुकादम इतर कारागिरांना ती बघायला बोलवत नव्हता. त्यानंही ते बोलून दाखवलं नाही, मुकादमानंही नाही.

घरात दोघं एकेका दाराला रबरी पट्टा अडकवून उभी राहायची. वहिनी नियमानं करायच्या; तो कंटाळायचा. "तुमचे पाच राहिले," त्या तिकडून सांगायच्या. "मनातल्या मनात केले," तो इकडून.

तीन महिन्यांनी बाईंनी परवानगी दिली. दहा पावलांवरून, हलक्या हातानं, मोजून वीस. मग पंधरा पावलं. मग वीस. एका संध्याकाळी त्यानं मला मैदानावर बोलावलं. "हातमोजे घेऊन ये," म्हणाला. मैदान रिकामं होतं. तो पंचवीस पावलांवर उभा राहिला, खांदा फिरवला, पाय ठेवला, कमरेतून वळला. जुना तोच वळसा. चेंडू आला. हलका, सरळ, नेमका. माझ्या तळव्यांना काही कळलंसुद्धा नाही.

"लागला का?" त्यानं तिकडून विचारलं.

"लागला," मी हात झटकून दाखवला.

तो माझ्याजवळ चालत आला. मोजा काढून माझा तळवा बघितला. पांढरा होता. "खोटं नको बोलूस," म्हणाला. रागावला नव्हता, नुसता थकला होता. "मी पुष्कळ बोललोय. त्यात काही नाही."

आम्ही आणखी अकरा चेंडू फेकले. बाईंनी सांगितलेले वीस पुरे करायचे होते, पण बारा झाल्यावर कोपरानं कुरकुर केली आणि तो थांबला. पूर्वी थांबला नसता.

आता तो खेळतो, पण सीमारेषेवर नाही. फलंदाजाच्या जवळ, पॉइंटला उभा राहतो, जिथून लांब फेकायला लागत नाही. चेंडू मागे निघून गेला तर पळत जातो, उचलतो आणि जो जवळ असेल त्याच्या हातात टाकतो. लोक त्याच्यावर दोन-दोन, तीन-तीन धावा काढतात, आणि तो ते बघत परत जागेवर येतो. पहिल्या काही सामन्यांत मला त्याच्याकडे बघवायचं नाही. आता सवय झाली. त्याला झाली की नाही, सांगता येत नाही. मागे एकदा मी विचारलं, "हात कसा आहे?" म्हणाला, "आहे." थंडीच्या सकाळी करंगळी अजून बधिर होते. जड पोतं उचललं की दोन दिवस जातात.

आणि महिन्यातले दोनच रविवार तो येतो. उरलेल्या दोन रविवारी वहिनी सकाळीच आपल्या बहिणीकडे जातात. आठवड्याचे कपडे, बाजार, झाडलोट तो बघतो. कपडे पिळता येत नाहीत म्हणून पाणी गळतं तसेच दोरीवर टाकतो. खालच्या मजल्यावरच्या आजी दर वेळी ओरडतात. बहिणीकडे जाऊन वहिनी काय करतात, तर काही करत नाहीत. गप्पा नाहीत, फिरणं नाही. आडव्या होतात आणि दुपारपर्यंत झोपतात. बहीण म्हणते, "हे करायला एवढ्या लांब येतेस?" त्या म्हणतात, "घरी झोपले तर काम दिसतं." लाँड्रीत त्यांनी घड्या घालायच्या टेबलावर बदली मागितली. अर्धा दिवस मिळाली, अर्धा दिवस अजून इस्त्री आहे.

गेल्या शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. आमचे दोन खेळाडू आजारी, माणसं कमी पडत होती. खरं तर तो रविवार त्याचा नव्हता, तरी विचारून बघावं म्हटलं. दार उघडंच होतं. दोघं टेबलाशी समोरासमोर बसली होती, दोघांच्याही उजव्या बाह्या वर गुंडाळलेल्या, हात टेबलावर. बर्फाची पिशवी एकच होती आणि ती वहिनींच्या मनगटावर होती. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

"गोफण," मी म्हणालो, "उद्या येतोस का? माणसं कमी आहेत."

त्यानं वहिनींकडे बघितलं. वहिनींनी घड्याळाकडे बघितलं.

"भावोजी, बसा," त्या म्हणाल्या. "माझी अजून सहा मिनिटं आहेत. मग पिशवी त्यांना देते, तेव्हा विचारा."

मी बसलो. पिशवीतून पाणी टेबलावर ओघळत होतं, ते तो डाव्या हातानं पुसत होता.